बापाचं पोट आणि लेकराच्या गांधी

पत्र : मुलगा दहा महिन्यांचा आहे. अंगावर पितो, वजन छान आहे. उष्टावणाला मामाने खिरीचं बोट चाटवलं तेव्हा ओठांभोवती लाल झालं होतं, आम्हाला वाटलं मुंगी चावली. न्हाऊ घालणाऱ्या मावशी साय आणि डाळीचं पीठ लावायच्या, तेव्हाही अंग लाल व्हायचं, म्हणून ते बंद केलं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा दूधभात भरवला. चार घास गेले नसतील तोच मानेवर, पोटावर गांधी उठल्या, डावा डोळा सुजून मिटला आणि भडाभडा उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, त्यांनी आमसुलाचं पाणी लावलं. दोन तासांत उतरलं. आमच्या मिस्टरांनाही कॉलेजपासून दूध सोसत नाही. ग्लासभर प्यायले की पोट फुगतं, संडासला पळावं लागतं. त्यामुळे घरात सगळे म्हणतात, बापावर गेलाय, थोडं थोडं देत राहा, सवय होईल. शेजारच्या काकू म्हणतात शेळीचं द्या. मेडिकलवाल्याने लॅक्टोज-फ्री दूध आणि कसलेसे थेंब दिलेत, अजून वापरले नाहीत. एका लॅबमध्ये रक्त दिलं तर दोनशेवर पदार्थांचा रिपोर्ट आला, त्यात दूध, गहू, तांदूळ, मूग, केळं, सगळ्यांसमोर लाल खूण. आता भरवू तरी काय? आणि मी माझं दूध-दही बंद करू का?
— एक आई, कोल्हापूर जिल्हा

ताई, आधी तातडीचं. बाळाला दूध, दही, ताक, काही म्हणजे काही देऊ नका, चव म्हणूनसुद्धा नाही, आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 'थोडं थोडं देऊन सवय' हा प्रयोग घरी करायचा नाही. त्या दिवशी कातडी आणि पोट अशा दोन्हीकडे एकदम लक्षणं उठली, म्हणून मी ती हलकी रिॲक्शन धरत नाही. मागच्या वेळी दोन तासांत उतरलं म्हणून पुढच्या वेळीही उतरेल, असा या प्रकारात हिशेब नसतो.

चुकून पोटात गेलंच आणि रडण्याचा आवाज घोगरा झाला, छातीत सूं सूं वाजायला लागलं, जीभ किंवा घसा सुजला, उलट्या थांबेनात, किंवा पोर एकाएकी पांढरं पडून मान टाकायला लागलं, तर थेट मोठा दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर 108. अशा वेळी उपयोगी पडतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलीनचं इंजेक्शन. घरातलं ॲलर्जीचं सिरप गांधी आणि खाज कमी करेल, अडकलेला श्वास मोकळा करणार नाही. नेताना बाळाला कडेवर उभं धरून धावू नका, आडवं ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर.

आता 'बापावर गेलाय' याबद्दल. 'दूध सोसत नाही' हे आपलं एकच वाक्य आहे आणि त्यात दोन अगदी वेगळी दुखणी एकाच गोधडीखाली झोपवलेली असतात. तुमच्या मिस्टरांना सोसत नाही ती दुधातली साखर. बाळाला सोसत नाहीत ती दुधातली प्रथिनं. पहिल्यात त्रास होतो, लाज वाटते, पण जीव जात नाही. दुसऱ्यात क्वचित जातो.

कशावरून म्हणते? तुमच्याच पत्रावरून. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. म्हशीच्या 100 मिली दुधात ती साधारण 5 ग्रॅम असते, गाईच्या दुधात त्याहून किंचित कमी. आणि आईच्या दुधात? जवळजवळ 7 ग्रॅम. म्हणजे ज्या साखरेवर तुम्ही सगळे संशय घेताय ती बाळ जन्मल्यापासून तुमच्या अंगावर पितंय, तीही म्हशीच्या दुधापेक्षा दाट. वरचं खाणं सुरू होण्याआधी दिवसाला पाऊण लिटर दूध पीत असेल तर रोजचं 50 ग्रॅम लॅक्टोज झालं. बापाला ज्या ग्लासाने पळायला लागतं तसे पाच ग्लास. तेवढं पचवून पोरगं गुटगुटीत आहे. मग लॅक्टोज त्याला सोसत नाही हे कसं म्हणायचं? जन्मतःच लॅक्टोज न पचणारी बाळं असतात, पण ती इतकी दुर्मीळ की इतक्या वर्षांत माझ्या टेबलापर्यंत एकही आलेलं नाही. आणि अशा बाळाला आईच्या दुधानेच पहिल्या काही दिवसांत पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, वजन धरतच नाही.

दुसरा पुरावा सायीचा. पत्रात तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण मी तिथेच थांबले. साय कातडीला लागली तरी अंग लाल. लॅक्टोजचा त्रास आतड्यात होतो, त्याला दूध पोटात जावं लागतं. कातडीवर चोळल्याने ज्याला त्रास होतो त्याचं भांडण दुधातल्या प्रथिनांशी असतं, आणि भांडणारी असते शरीराची रोगप्रतिकारशक्ती. तिने केसीन किंवा व्हे या प्रथिनांना शत्रू ठरवलं की पुढच्या गाठीला ती काही मिनिटांत हल्ला करते. गांधी, सूज, उलटी, शिंका, खोकला, हे सगळं बहुतेक वेळा दोन तासांच्या आत. चार घासांत डोळा मिटला, याहून स्पष्ट खूण कोणती हवी? गांधी आणि सूज लॅक्टोजमुळे येत नाहीत. एवढं एकच घरच्यांना सांगितलंत तरी चालेल. (बाळाचे गाल, कोपराचे सांधे कोरडे, खरबरीत असतात का, तेही डॉक्टरांना दाखवा. अशा फुटलेल्या कातडीवर साय-बेसन चोळण्याच्या मी एरवीही विरोधात आहे. मावशींना सांगा, न्हाणं सुरू ठेवा, साय पोळीला लावून तुम्ही खा.)

मिस्टरांचं बघू. आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर असतं, ते लॅक्टोज फोडून त्याचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. तान्हेपणी ते भरपूर असतं. दूध तुटण्याच्या वयानंतर बहुतेकांचं कमी होत जातं, आणि त्याचा त्रास जाणवायला कित्येकदा कॉलेजचं वय उजाडतं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, त्यातून गॅस धरतो. साखर पाणीही ओढून घेते, म्हणून जुलाब. गुडगुड सुरू व्हायला अर्धा तास ते दोन-तीन तास लागतात. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश मोठ्या माणसांचं असंच असतं. म्हणजे ज्यांना म्हातारपणीही तांब्याभर दूध पचतं तेच खरे वेगळे. पिढ्यान् पिढ्या गुरं पाळणाऱ्या समाजांत हा पचवणारा गुण जास्त आढळतो, आपल्या देशात वायव्येकडे अधिक आणि पूर्वेकडे, दक्षिणेकडे कमी होत जातो. कोल्हापुरात, जिथे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या कासेखालचा फेसाळ ग्लास उभ्याने रिचवायची रीत, तिथे दूध न पचणाऱ्या पुरुषाला काय ऐकून घ्यावं लागत असेल याची मला कल्पना आहे. त्यांना सांगा, यात कमीपणा काही नाही.

त्यांना सगळं सोडायचीही गरज नाही. लॅक्टोजचा त्रास मापावर चालतो. बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसं काही होत नाही, जेवणासोबत घेतलं तर आणखी सोसतं. चहातल्या दुधात दीड-दोन ग्रॅम असतं, म्हणून चहा चालतो. दह्यात जंतूंनी थोडी साखर आधीच खाल्लेली असते आणि उरलेली फोडायला ते पोटातही हातभार लावतात, म्हणून दही-ताक चालतं. पनीर आणि चक्क्यातून ती निवळीबरोबर गळून जाते, तुपात राहतच नाही. खव्यात मात्र सगळी साखर आटून बसलेली असते, खव्याचा जवळजवळ पाव भाग लॅक्टोजच. तेव्हा बासुंदीच्या वाटीवर दोन पेढे म्हणजे स्वतःहून आमंत्रण. खात्री करायची तर दोन आठवडे दूध आणि खवा बंद, मग एक दिवस रिकाम्या पोटी ग्लासभर. उत्तर दुपारच्या आत मिळतं. मोठ्या शहरात हायड्रोजनची श्वास तपासणी होते, न पचलेल्या साखरेतून झालेला गॅस श्वासात किती उतरला ते तिच्यात मोजतात. फक्त वजन घटत असेल, शौचात रक्त असेल किंवा पोटदुखीने रात्री जाग येत असेल, तर दुधावर ढकलून घरी बसू नका.

आता शेजारच्या काकूंची शेळी. गांधीजी शेळीचं दूध प्यायचे हे खरं, पण या बाबतीत ते कामाचं नाही. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहा मुलांपैकी नवाहून जास्त मुलांना शेळीच्या दुधानेही रिॲक्शन येते. दूध उकळून, पाणी घालून, आटवून काही फरक पडत नाही, केसीन उकळीला दाद देत नाही. आणि मेडिकलवाल्याचं पाकीट? लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे त्याच दुधात लॅक्टेज घालून साखर आधी फोडलेली. प्रथिनं जशीच्या तशी. त्याच्या थेंबांतही बहुतेक तेच विकर असणार. वापरलं नाहीत, फार बरं केलंत. 'फ्री' वाचून विश्वासाने पाजलं असतंत तर दूधभाताचा दिवस पुन्हा आला असता. साजूक तुपातही प्रथिनांचे अंश राहतात. पुष्कळ मुलांना ते चालतं, पण तुमच्या बाळाला चालतं का हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. तोवर वरणभातावर शेंगतेल किंवा खोबरेल घाला.

रिपोर्टबद्दल थोडं रागावूनच लिहिते, तुमच्यावर नाही. दोनशे पदार्थांच्या त्या तपासण्या बहुतेक वेळा आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीच्या) असतात. आपण जे खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी तयार होणं ही रोजची गोष्ट आहे, तो आजार नव्हे. म्हणून भात खाणाऱ्याच्या रिपोर्टात तांदूळ लाल दिसतो. ॲलर्जी ठरवायला त्याचा उपयोग नाही. बाळ भात, मूग, केळं, गहू खाऊन व्यवस्थित होतं ना? मग ते आजपासून परत सुरू करा. इतकं सगळं तोडलंत तर दुधाने होणार नाही एवढं नुकसान उपाशीपणाने होईल.

डॉक्टर कदाचित त्वचेवर सुईच्या टोकाने करतात ती प्रिक टेस्ट किंवा दुधापुरती आयजीई, म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी सांगतील. त्यांना अर्थ आहे, पण त्याही कहाणीच्या जोडीनेच वाचायच्या असतात. नुसता आकडा वाढलाय आणि पदार्थ खाऊन काही होत नाही, तर ती ॲलर्जी नव्हे. शंका उरलीच तर शेवटची कसोटी म्हणजे दवाखान्यात, इंजेक्शन हाताशी ठेवून, मोजून मापून दूध देऊन बघणं. ते काम आपल्या स्वयंपाकघरात करायचं नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या आयांसाठी मध्येच एक सांगते, कारण ॲलर्जी दर वेळी इतकी गाजावाजा करत येत नाही. एक संथ प्रकारही आहे. त्यात गांधी नाहीत, सूज नाही, काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी शीमध्ये शेंबूड, रक्ताचे धागे, नाहीतर न थांबणारा इसब. आयजीईची तपासणी यात कोरी येते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला अशा एका बाळाला मी जंतुसंसर्ग समजून दोनदा अँटिबायोटिक दिलं, रक्त काही थांबेना. मग आई बाळाला घेऊन माहेरी गेली. माहेरची म्हैस आटली होती, त्यामुळे तिला दूध-दही मिळेना. आठ-दहा दिवसांत बाळाची शी साफ. सासरी परतली, रोजचा पेला सुरू झाला, पुन्हा रक्त. ते निदान त्या भाकड म्हशीने केलं, मी नाही. आज हेच आम्ही ठरवून करतो. आईच्या खाण्यातलं, आणि बाळ वरचं दूध पीत असेल तर त्याचंही, दूध-दही दोन ते चार आठवडे बंद. अंगावरचं पाजणं चालूच. लक्षणं गेली की डॉक्टरांच्या सांगण्याने परत सुरू. परत आली तर निदान पक्कं. हे परत सुरू करणं पुष्कळजणी टाळतात आणि मग उगाच वर्षभर आमटी-भाकरीवर काढतात.

आणखी एक, जुलाबाच्या दुखण्यानंतर काही दिवस काही लहान मुलांना दूध पचत नाही. आतड्याचं अस्तर सोलवटल्यामुळे लॅक्टेज तात्पुरतं कमी झालेलं असतं, काही आठवड्यांत भरून येतं. अंगावरचं पाजणं त्यासाठी तोडू नये.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोड आहे. तुम्ही दूध-दही खाताय, बाळ अंगावर पितंय आणि पिऊन त्याला काही होत नाही, तर तुम्ही काहीही बंद करू नका. तुमच्या दुधातून गाई-म्हशीच्या दुधाचा अंश उतरतो खरा, पण तुमच्या बाळाला तेवढा चालतोय. पाजणं मात्र सोडू नका, दोन वर्षांपर्यंत खुशाल पाजा. अंगावर पीत असेल तर वर्षाच्या आत त्याला पेल्याने वरचं दूध पाजायची गरजही नसते. पुढे कमी पडलंच तर प्रथिनं बारीक तोडलेली खास पावडर मिळते, किंवा सहा महिन्यांपुढच्या बाळांना सोयाची. ती डॉक्टर सांगतील तीच घ्या, कारण डबे महाग असतात आणि सगळे सारखे दिसतात. कॅल्शियमची काळजी आजपासूनच नको. नाचणी सत्त्व पाण्यात शिजवा, वर चिमूटभर भाजलेल्या तिळाचं कूट घाला, शेवग्याचा पाला वरणात मुरवा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

खरी अडचण घरात दूध नसण्याची नाहीच, ते सगळीकडे असण्याची आहे. सत्यनारायणाचं पंचामृत, देवळातला पेढा, शेजारी आणून देतील तो खरवस, मोठ्या चुलतभावाच्या ओठावरची दुधाची मिशी आणि त्या तोंडाने घेतलेला पापा. 'तीर्थाने काय होतंय' म्हणणारं कुणी ना कुणी घरोघरी असतं. ते चमचाभर तीर्थ म्हणजे चमचाभर दूध, दही आणि तूप. बिस्किटं, ब्रेड, बाळाच्या तयार सिरियलचं खोकं, यांत दुधाची पावडर असते. भारतात पाकिटावर दूध हा ॲलर्जीचा पदार्थ म्हणून वेगळा लिहिणं बंधनकारक आहे, तेव्हा घटकांच्या यादीशेजारची ती ओळ वाचायची सवय लावा. व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स, ही सगळी दुधाचीच नावं. दुधाचा चमचा त्याच्या भातात बुडवायचा नाही, त्याची वाटी-चमचा वेगळा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी गांधी पाहिल्या, त्यांच्या अनुभवात पित्त होतं, त्यांनी आमसूल आणलं. त्याने बिघडलं काही नाही. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि सायीची गोष्ट त्यांच्याच तोंडून सांगू द्या. न्हाणं त्यांच्या डोळ्यांसमोर झालंय, ती साक्ष त्यांची आहे. एकदा त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं की पुढे पेढा घेऊन येणाऱ्या पाहुण्याला दारातच अडवायला तुम्हाला जावं लागणार नाही.

आणि हे कायमचं आहे असं धरून बसू नका. दुधाची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं शाळेच्या वयापर्यंत, पुष्कळ तर तीन ते पाच वर्षांत, तिच्यातून बाहेर पडतात. साधारणपणे आधी केकमध्ये चांगलं भाजलेलं दूध सोसायला लागतं, कच्चं-उकळलेलं नंतर. कधी सुरू करायचं ते दर सहा-बारा महिन्यांनी तपासून डॉक्टर ठरवतील. बापाचं मात्र उलट आहे, त्यांचं आता असंच राहणार.

जाताना त्या दिवसाचे फोटो असतील तर फोनमध्ये काढून ठेवा. किती घास, किती मिनिटांत काय झालं, ते कागदावर लिहून न्या. तो दोनशे पदार्थांचा रिपोर्टही न्या, डॉक्टर तो बाजूला ठेवतील तेव्हा सासूबाईंनी बघितलेला बरा. लॅक्टोज-फ्री दुधाचं पाकीट फेकू नका, महागाचं असतं. दोन आठवड्यांच्या त्या प्रयोगात साध्या दुधाने पोट बोललं, तर नंतर एखाद्या रविवारी मिस्टरांना हे ग्लासभर द्या आणि दुपारपर्यंत पोट गप्प राहतं का बघा.